दोन फूट मोकळी जागा

चेन्नईत पाणी गरम करायला यंत्र बसवणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर आमच्या वरच्या मजल्यावरचे रघोत्तमराव. इथे मे महिन्यात दुपारी नळ सोडला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळवतं. लोक बादली भरून ठेवतात, ती निवायची वाट बघतात आणि मग आंघोळ करतात. अशा गावात या गृहस्थांनी गच्चीवर माणसाएवढी उंच टाकी आणि तिच्या शेजारी पंखा लावलेला चौकोनी डबा बसवून घेतला होता. त्याचं नाव हीट पंप. त्या डब्यापायी त्यांनी आमच्या सहा बिऱ्हाडांना अडीच वर्षं जो वैताग दिला, तो आठवला की आजही माझ्या कपाळाची शीर उडते.

मी सांगलीची. बँकेच्या बदलीवर चेन्नईला आले, नुंगंबाक्कमच्या शाखेत बसू लागले आणि तिरुवान्मियूरला समुद्रापासून तीन गल्ल्या आत घर घेतलं. नवरा पुण्यात नोकरीला, मी इथे एकटी. इमारतीत मराठी बोलणारं कुणी आहे हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला होता. तो पंधरा दिवस टिकला.

राव तंजावरकडचे. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले ते तिथलेच झाले. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात अडतीस वर्षं तपासनीस होते. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक डब्याखाली वाकून बघायचं आणि खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन सतरा-अठरा वर्षं झाली होती, पण खडू खिशातून गेला नव्हता. बुटका, काटक माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायघोळ वेष्टी म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, कपाळावर गोपीचंदन आणि अंगाऱ्याची काळी रेघ. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव, गाव, बँक विचारली आणि लगेच माझ्या दारावरच्या विजेच्या मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "सुलभाबाई, ही वायर कोण जोडली? नाव सांगा."

मला कुठून माहीत असणार? मी कालच आले होते. पण त्यांना नाव हवं असायचं. इमारतीत काहीही बिघडलं, फुटलं, गळलं, की कोणी केलं याचा तपास सुरू. शिक्षा करायची नसायची, दंड घ्यायचा नसायचा. रिपोर्टात नाव पाहिजे, एवढंच. कसला रिपोर्ट आणि कोण वाचणार, हे विचारायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीण बाईंकडून एकदा जिन्यातला दिवा फुटला, तर त्या बाई तीन दिवस मागच्या जिन्याने जा-ये करत होत्या.

आता त्या यंत्राची कुळकथा. रावांच्या पत्नी कावेरीबाई. त्यांची सगळी बोटं संधिवाताने वाकडी झालेली, खांदे आखडलेले. पहाटे गरम पाण्याची आंघोळ झाल्याशिवाय त्यांचा हात कपाळापर्यंतही जात नसे. आधी दोन गीझर झाले. बोअरच्या खारट पाण्याने त्यांच्या कॉईली खाल्ल्या आणि दुसऱ्याने कावेरीबाईंना शॉक दिला. मग राव, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, गॅसवर तपेलं तापवून न्हाणीघरात उचलून नेऊ लागले. एकदा पाय घसरला आणि ते पाणी त्यांच्याच पायावर सांडलं. मुलगा प्रल्हाद मेलबर्नहून धावत आला. तिकडे घरोघरी हीट पंप असतात म्हणे, त्याने तोच इथे आणवून बसवला आणि आईवडिलांना समोर बसवून निक्षून सांगितलं: हे नीट चाललं तर तुम्ही या घरात राहा. नाही तर कोइमतूरला वृद्धांसाठी चांगली वसाहत आहे, तिथे मी पैसे भरून ठेवले आहेत.

काकांना ते घर सोडायचं नव्हतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. त्या घराची एकूणएक फरशी त्यांनी ठोकून पाहून घेतली होती. कावेरीबाईंना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर देऊळ होतं, मठ होता, भाजीवाली होती. कोइमतूर हा शब्द काढला की काका बोलणं अर्ध्यात सोडून उठायचे.

प्रल्हाद हुशार. त्याने ते यंत्र इंटरनेटला जोडून ठेवलं होतं. काही बिघडलं तर यंत्र आपोआप बंद होणार, त्याच्या पडद्यावर लाल अक्षर उमटणार आणि त्याच क्षणी मेलबर्नमध्ये प्रल्हादच्या फोनवर घंटी वाजणार. नुसती वीज गेली तरी काका जिना चढून वर पोचेपर्यंत त्याचा फोन यायचा, "अप्पा, काय झालं?" तिकडचं घड्याळ आपल्या पुढे, त्यामुळे पोरगा उठायच्या आत दुरुस्त करावं म्हटलं तर तेही शक्य नाही. स्वतःच्या घरात तपासनीसाची तपासणी चालली होती, आणि ती त्यांच्या जिव्हारी लागायची. मग त्याची वसुली ते आमच्याकडून करायचे.

यंत्र बसलं त्याच दिवशी त्यांनी टेप लावून मोजलं आणि त्याच्या चारी बाजूंनी दोन फुटांवर खडूने रेघ ओढली. आत कुणी यायचं नाही. काही ठेवायचं नाही. यंत्राला श्वास घ्यायला जागा पाहिजे. पावसाने रेघ पुसली की नवी ओढायची. पाऊस-उन्हापासून राखायला म्हणून प्रल्हादने वर पत्र्याची शेड घातली होती. अख्ख्या गच्चीवर आडोशाची तेवढीच जागा, आणि नेमकी तीच बंद.

पहिल्या उन्हाळ्यात मी हौसेने कुरडया घातल्या. प्लॅस्टिकचा कागद पसरला, पहाटे उठून चीक शिजवला, सगळं सांगलीसारखं. ऑफिसातून आले तर कागद गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, कावळ्यांच्या ताब्यात. काका शांतपणे म्हणाले की कागदाचा कोपरा रेघेच्या चार बोटं आत आला होता, म्हणून हलवला. मी म्हटलं, चार बोटांनी काय होतं? तर त्यांनी मला तिथेच उन्हात उभं करून शिकवणी घेतली.

"हे पाहा," ते म्हणाले, "हा ऊन तयार करत नाई. हा हमाल. वाऱ्यात ऊन असे, ते उचलून पाण्यात नेऊन ठेवतो. हमालाच्या वाटंत तुमी कागद घातलं तर तो काय उचलंल?"

मग त्यांनी मला पंख्यापुढे हात धरायला लावला. बाहेर येणारी हवा गार होती. एसीच्या बाहेरच्या डब्यातून गरम वाफ येते, यातून गारवा, कारण ऊब पाण्यात गेली. हे मला खरंच ठाऊक नव्हतं आणि क्षणभर गंमतही वाटली. पण कुरडया गेल्या त्या गेल्याच.

त्यांच्या रविवारी सकाळच्या तपासणीला मी नाइलाजाने साक्षीदार असायची, कारण माझे कपडे वाळत घालायची वेळ तीच. त्यांचा मंत्र ठरलेला: "पैलं पाहा. मग ऐका. मग हात." आधी यंत्राभोवती फेरी. मग डोळे मिटून पाच मिनिटं आवाज ऐकणं. त्या वेळात मी बादली आपटली तर एक डोळा उघडून बघायचे. मग मेन स्विच बंद करून कॉईलच्या पातळ पत्र्यांवरून रंगाऱ्याचा मऊ ब्रश वरून खाली फिरवायचा आणि नळीने बेताचं पाणी सोडायचं. समुद्राचं मीठ बसतं ना. जोराचा फवारा मारायचा नाही, पत्र्या वाकतात. थेंब थेंब पाणी जाणाऱ्या नळीत फुंकर मारून बघायची, तुंबली नाही ना. टाकीच्या सुरक्षेच्या झडपेची दांडी दर तीन महिन्यांनी उचलून सोडायची. टाकीच्या पोटात एक धातूची कांडी असते, खारं पाणी टाकीच्या ऐवजी तिला खातं. ती वर्षाने बदलायची. हे सगळं मला आज झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल. मला हे कशासाठी यायला हवं, हा प्रश्न मी त्यांना अनेकदा विचारला. ते म्हणायचे, येऊ दे की, काय बिघडलं?

एकदा मात्र माझ्याच घरच्या एसीतून पाणी गळायला लागलं. गादी भिजली. मी मेकॅनिकला फोन लावणार, तेवढ्यात काका हजर. म्हणाले, आधी पाहू. मी म्हटलं, काका, गादीवर धार लागली आहे, पाहायचं काय राहिलं? त्यांनी खुर्ची मागवली, खाली बसले आणि वीस मिनिटं त्या गळतीकडे पाहिलं. मग पाच मिनिटं ऐकलं. मग माझ्याकडची स्वयंपाकाची जुनी फुंकणी मागितली, जी माझ्याकडे नव्हती, म्हणून कावेरीबाईंकडून आणवली. बाहेरच्या नळीला लावून जोरात फुंकर मारली तर आतून शेवाळाचा गोळा आणि एक मेलेली पाल निघाली. गळती थांबली. दहा मिनिटांचं काम त्यांनी दीड तासात केलं. नंतर माझ्याकडून कबूल करून घेतलं की जाळी मी सहा महिन्यांत धुतली नव्हती. नाव सांगा म्हणाले. मी म्हटलं, काका, या घरात मी एकटीच राहते. तरी ते वाट बघत उभे राहिले, तेव्हा मला माझंच नाव सांगावं लागलं.

एवढा राग यायचा, आणि मग कावेरीबाई डांगर पच्चडीची, म्हणजे उडदाच्या पिठाच्या दह्यातल्या कोशिंबिरीची, वाटी घेऊन खाली यायच्या. वाकड्या बोटांत वाटी नीट धरता यायची नाही म्हणून तळहातांच्या मध्ये धरून. नुसत्या हसायच्या. त्या हसण्यावर मी दर वेळी माफ करून टाकत असे.

मागच्या वर्षीच्या पावसाळ्यापर्यंत यंत्राने एकदाही कुरकुर केली नव्हती. पाऊस आमच्याकडे दिवाळीच्या आसपास लागतो आणि मग दीड-दोन महिने कपडे वाळणं विसरायचं. त्याच दिवसांत पहिलं लाल अक्षर उमटलं. प्रल्हादचा फोन, काकांची धावपळ, कंपनीच्या सेल्वमला बोलावणं. सेल्वम चाळिशीचा, शांत, विश्वासू मेकॅनिक. या भागातली सगळी यंत्रं तोच बघायचा. तो वर येणार म्हटल्यावर रावांच्या घरचं गच्चीवर काही सोवळं असेल तर ते आधी खाली यायचं, परक्याचा हात लागायला नको म्हणून. तसं काका फोनवर अडकले होते तेवढ्यात कावेरीबाईंनी ते आणलं. मग सेल्वमने तपासलं, काही सापडलं नाही. बंद करून पाच मिनिटांनी चालू केलं तर यंत्र छान चालू. ही पाच मिनिटं काकांनी घड्याळ हातात धरून मोजली.

पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा सेल्वम, पुन्हा काही नाही. दमटपणा असेल, व्होल्टेज असेल, असं म्हणत त्याने खबरदारी म्हणून एक सेन्सर बदलला. इकडे प्रल्हादचा पारा चढला. दोन वर्षांत नाही आणि आता दोनदा? हा माणूस चांगला सेन्सर काढून पैसे उकळतो आहे, अशी त्याने थेट कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने सेल्वमला ताकीद दिली की या घरातून आणखी एक तक्रार आली तर तुझं काम बंद. आणि वडिलांना प्रल्हादने सांगितलं की आता तिसऱ्यांदा झालं तर वाद नाही, सरळ कोइमतूर.

त्यानंतरचे दिवस काका जे वागले ते विचारू नका. सकाळ-संध्याकाळ तपासणी. जिन्यात मला थांबवून आकडे सांगायचे: आज व्होल्टेज किती, पाणी किती अंश. लिफ्टमध्ये डॉक्टरीण बाईंना ऐकवायचे. आमच्या सगळ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर, मोटारी त्यांना संशयित वाटू लागल्या. मी सकाळी आठ ते नऊ इस्त्री करू नये, असा त्यांनी मला प्रेमाने आदेश दिला. मी चुरगळलेल्या साडीत बँकेत जाऊ लागले. शाखेतल्या शिपायाने सुद्धा विचारलं.

मग तो शनिवार आला, बँकेला सुट्टीचा. काका हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांच्या शिबिरात गेले होते. साडेअकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. प्रल्हाद होता. आवाज थकलेला. यंत्र बंद पडलंय, अप्पा फोन उचलत नाहीत, अम्मा जपाला बसली असेल, तुम्ही जरा वर जाऊन बघाल का?

मी गेले. पावसाची सर नुकतीच थांबली होती. काकांचीच शिकवणी, म्हणून आधी फेरी मारली. यंत्राच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, जिथे जिन्याच्या दारातून नजर जात नाही, तिथे शेडच्या दोन खांबांना बुटकी दोरी बांधलेली होती. दोरीवर काकांचं रेशमी सोवळं होतं. ओलं असताना ते सरळ लोंबत राहिलं असणार. वाळून हलकं झालं तसं यंत्राने हवेबरोबर त्याला आत ओढलं, आणि ते कॉईलला पाठीपासून पोटापर्यंत चिकटून बसलं होतं. मी एक टोक उचललं. मागे पत्र्यांवर पांढरा बर्फ धरला होता. चेन्नईत, नोव्हेंबरात, बर्फ.

मला हसावं की रडावं कळेना. इमारतीत कुणाच्या कपड्याला कुणाचा स्पर्श होणार नाही अशी एकच जागा उरली होती, आणि ती काकांच्याच रेघेच्या आत होती. सेल्वम येणार म्हटलं की सोवळं आधी खाली जायचं, त्याच्याबरोबर रोगही खाली जायचा. मी सरळ हाताने ते काढलं. सोवळं मोडलं तर मोडलं. प्रल्हादला कळवलं की बघते आहे, काका आले की बोलतील.

काका आले तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते मानणार नाहीत. ते थेट वर आले. आधी पाहिलं. दोरीपाशी वाकून तिची गाठ पाहिली, खूप वेळ. ऐकायला काही नव्हतं. शेवटी हात लावला तो दोरीला.

"मीच बांधली," ते म्हणाले.

मी वैतागले. म्हटलं, अहो, तुम्ही? ज्या माणसाने चार बोटं कागदासाठी माझ्या कुरडया कावळ्यांना दिल्या? ते मान खाली घालून उभे राहिले. त्यांना असं उभं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मग माझा राग ओसरला. मी डोकं चालवलं. म्हटलं, काका, ऐका. प्रल्हादला काही सांगायचं नाही. सेन्सरच खराब निघाला, नवा बसवला, आता ठीक आहे, असं म्हणायचं. दोरी आपण काढून टाकू. परत कधी होणार नाही. संपला विषय. तुम्ही दोघं इथेच राहाल.

"आणि सेल्वम?" त्यांनी विचारलं.

सेल्वम माझ्या ध्यानातच नव्हता. मी म्हटलं, मग दुसरं काही तरी सांगू. पाऊस, वीज, उंदीर.

"अडतीस वर्षं मी रिपोर्ट लिहिलं, सुलभाबाई. कारण लिहायचं, नाव लिहायचं. उंदीर मी लिहिलं नाई कधी."

आम्ही खाली त्यांच्या घरात आलो. कावेरीबाई जप संपवून दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं सोवळं पाहिलं आणि काकांकडे पाहिलं. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तर काका म्हणाले, "तू आत जा. बरं, मी बोलतो." त्या आत गेल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

फोन स्पीकरवर होता. काकांनी कारखान्यात बोलत असतील तसं एकेक करून सांगितलं. काय झालं, कशामुळे झालं, सेल्वमचा दोष नाही, त्याची तक्रार आजच्या आज मागे घ्यायची. प्रल्हादने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "अप्पा, दोन फुटांची रेघ तुमीच मारली होती नं?"

"होय."

"मग तिच्या आत दोरी कशी बांधली?"

काकांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"विसरलो," ते म्हणाले.

त्या एका शब्दाने सगळं घालवलं. मी तिथे बसून ते होताना पाहिलं. प्रल्हादचा आवाज एकदम मऊ झाला, आजाऱ्याशी बोलतात तसा. रागावला असता तर काका भांडले असते. पण जो बाप अडतीस वर्षांतला एकही डबा विसरला नाही तो आता विसरायला लागला, हे ऐकल्यावर कुठल्या मुलाने त्याला दुसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या पायऱ्यांखाली, एकटं ठेवलं असतं? तक्रार मागे घेतली गेली, सेल्वमचं काम राहिलं. कोइमतूर ठरलं. मी तिरमिरीत खाली आले. त्या दिवशी मला काकांचा मनापासून संताप आला होता. एक शब्द वेगळा म्हटला असता तर काय झालं असतं? चूक झाली म्हणायचं. घाईत होतो म्हणायचं. हा माणूस खरं बोलण्याच्या हट्टापायी स्वतःचं घर बुडवतो आणि वर बायकोलाही ओढतो, असं मी माझ्या नवऱ्याला फोनवर सांगितलं.

पोंगल झाल्यावर ते निघाले. सामान आदल्या दिवशी गेलं होतं. टॅक्सी दारात उभी होती, कावेरीबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि काका अजून वर होते. नव्या भाडेकरूला यंत्र समजावून देत होते. पाऊण तास झाला होता. ड्रायव्हर तोंडातल्या तोंडात तमिळमध्ये पुटपुटत होता. मी खिडकीपाशी उभी राहिले आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हणाले, काकू, काकांनी त्या दिवशी जरा सांभाळून बोलायला हवं होतं.

कावेरीबाईंनी माझा हात आपल्या दोन तळहातांत धरला.

"दोरी मी बांधली होती," त्या म्हणाल्या. "सोवळं वाळवायच्या वरच्या काठीपर्यंत माझं हात पोचत नाई. ती दोरी खाली, माझ्या खांद्याएवढी. तीन एकादशीला बांधली, काम झालं की सोडून आणायची. त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी गाठ पाहिलं तेव्हा कळलं. या बोटांनी गाठ कशी बसते, त्यांना ठाऊक."

मी विचारलं, मग तुम्ही का नाही सांगितलंत?

"सांगायला आले होते की मी. बोलू दिलं नाई. मागून म्हटलं, प्रल्हादला आता तरी सांगा, अम्मानं केलं. तर मणतात, तू त्या वसाहतीत माझ्यामुळं चाललीस असं लोक मणू दे. तुझ्यामुळं मी चाललो असं कुणी मणायला नको."

एवढ्यात काका खाली आले. वेष्टी सावरत त्यांनी टॅक्सीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकांकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला पुढच्या डाव्या चाकातली हवा तपासायला लावली. पाच-सात मिनिटं आणखी गेली. मग ते कावेरीबाईंच्या शेजारी बसायला वळले आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कळलं. तपासनीसच तो.

"ते बंद झालं रिपोर्ट, सुलभाबाई," ते हळू आवाजात म्हणाले. "परत उघडायचं नाई."

आणि त्यांनी दार ओढून घेतलं. टॅक्सी कोपऱ्यावर वळताना काकांचं डोकं ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढे झुकलेलं दिसलं, बहुधा त्याला गिअर कसा बदलायचा ते सांगत असावेत.

प्रल्हादचा नंबर माझ्याकडे आहे. त्याला सगळं सांगितलं तर तो काय करील, ते दोघांना परत आणील की आईची जास्तच काळजी करील, हे मला ठरवता येत नाही. अडतीस वर्षांत एकही खोटा रिपोर्ट न लिहिलेल्या माणसाने एक लिहिला आणि सांभाळायला माझ्याकडे देऊन गेला. मी कितीदा तरी फोन हातात घेते आणि खाली ठेवते, आणि याचाही राग मला काकांचाच येतो.